पाहुण्यांसाठी साफसफाई

“विळा फाटकाबाहेर ठेवायचा, रेमेदियोस. आधी ते येऊ देत, पोटभर पिऊ देत. मग काय कापायचं ते काप.”

आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑक्टोबर संपत आला आणि कबरस्तानाचं लोखंडी फाटक लोटलं, की रेमेदियोसच्या कानात तिचा आवाज उमटायचाच. ‘ते’ म्हणजे कोण, हे ओकोताल गावात कुणी विचारत नाही. मृतांच्या सणाच्या तोंडावर उत्तरेकडून नारिंगी-काळी फुलपाखरं येतात, ओयामेल वृक्षांच्या रानात फांद्यांना लगडून हिवाळा काढतात, आणि त्यांच्यात ज्याच्या त्याच्या घरची गेलेली माणसं असतात. एवढ्या लांबून आलेला पाहुणा दमलेला असतो, भुकेला असतो. कबरस्तानाच्या भिंतीकडेला गुलाबी मिरासोल आणि पिवळी-पांढरी रानफुलं कंबरेएवढी माजायची ती त्यांच्यासाठी, असं आईचं म्हणणं. रेमेदियोसनं त्यावर कधी वाद घातला नाही, कारण दरवर्षी पहिली फुलपाखरं तिथेच उतरताना तिनं पाहिली होती.

ह्या वर्षी मात्र गावाचं फुलपाखरांवरचं प्रेम फारच उतू गेलं.

त्याचं असं झालं, की तालुक्याच्या गावाहून स्पर्धा जाहीर झाली: फुलपाखरांचं सर्वात सुंदर स्वागत करणाऱ्या गावाला चौकात बसवायला सिमेंटचा बाक, फुलपाखराच्या आकाराचा. बाकावाचून ओकोतालचं आजवर काही अडलं नव्हतं, पण आता अडलं. लगेच स्वागत समिती बसली. अध्यक्ष झाले डॉन प्राक्सेदिस. गावातलं एकुलतं एक गवत कापायचं यंत्र त्यांचंच, त्यामुळे स्वच्छतेची आवड त्यांना असणं साहजिक होतं.

“फुलपाखरं येणार ती स्वच्छ गावात,” गावसभेत ते म्हणाले. “ओढ्याची कड, बांध, कबरस्तान, सगळं चकाचक पाहिजे. कापून होईल ते कापू, उरेल त्यावर औषध मारू. मग कमान, कागदी फुलपाखरं, आणि फाटकापासून चौकापर्यंत प्लास्टिकची फुलं. धुता येतात.”

सभेनं टाळ्या वाजवल्या. रेमेदियोस मागच्या बाकावरून उठली.

“भिंतीकडची फुलं तेवढी राहू द्या, डॉन प्राक्सेदिस. सण झाला की मी स्वतः कापीन.”

“डोन्या रेमेदियोस, ती फुलं नाहीत. गवत आहे ते.”

“त्याला फुलं आलीत, म्हणून म्हटलं.”

थोडं हसू झालं. अध्यक्षांना ते आवडलं नाही. “परीक्षक येणार आहेत. त्यांना काय झुडपं दाखवायची? ला होयाची माणसं वाटू आपण.”

ला होया म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. तिथल्या लोकांना कुंपणाला टेकून उभं राहण्यापलीकडे दुसरा उद्योग नाही, ही ओकोतालची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. तिथले बांध कुणी कधी साफ केल्याचं ऐकिवात नव्हतं. आपण ला होयासारखे दिसू, एवढी धमकी ओकोतालला पुरत असे. सगळे हात वर गेले. तोमासाचासुद्धा. तोमासा म्हणजे रेमेदियोसच्या मुलीची धर्ममाता. त्या नात्यानं दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि मैत्रिणींपेक्षा जास्त भांडत.

फाएनाचा दिवस ठरला. फाएना म्हणजे गावाचं काम. घरटी एकानं यायचंच. न येणाऱ्याला दंड नाही, शिव्या नाहीत. नियम एवढाच, की जो फाएना नाकारेल त्याला कबरस्तानात जागा नाही. हा नियम झाला तेव्हा सगळ्यात उंच हात रेमेदियोसच्या नवऱ्याचा, फिदेन्सियोचा, होता. त्याला त्याची जागा केव्हाच मिळाली. त्याच्या शेजारची रेमेदियोसची.

फाएनाच्या सकाळी डॉन प्राक्सेदिसनी औषधाचा पंप बरोबर तिच्याच पुढ्यात आणून ठेवला.

“भिंतीची कड तुमच्याकडे. आवडती जागा ना तुमची?”

रेमेदियोसनं पंपाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मिरासोलवर दोन भुंगे आपल्याच नादात घोळत होते.

“झाडायला सांगा, दगड उचलायला सांगा, थडगी धुवायला सांगा. हे माझ्याच्यानं होणार नाही.”

“नियम माहीत आहे ना?”

“आहे. आमच्याच घरच्यानं केला.”

“मग जागा गेली असं समजा,” ते म्हणाले, आणि तिला वाटलं, बोलून झाल्यावर त्यांनाही ते जरा जड गेलं. पण माणसं ऐकत होती. अध्यक्षांना शब्द मागे घेता येत नाही, नाहीतर ते अध्यक्ष कशाला झाले. पंप त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतला आणि भिंतीची कड इमानानं भिजवली.

रेमेदियोस रोज पहाटे चॅपलमध्ये जपमाळ करायची. तापातही तिनं नेम मोडला नव्हता. पण त्या आठवड्यात तिची माळ मधेच थांबायची आणि मण्यावर बोट तसंच राहायचं. आई भिंतीपाशी, फिदेन्सियो आईच्या पायाशी, आणि आपल्याला मात्र पुरणार तालुक्याच्या गावच्या कबरस्तानात, अनोळखी लोकांत.

“तिथे बोलायचं कुणाशी?” तिनं तोमासाला विचारलं.

“मेल्यावर बोलायचंय तुला?”

“फिदेन्सियो जिवंत होता तेव्हा मी बोलायला लागले की उठून जायचा. म्हटलं, तिथे तरी ऐकेल.”

तोमासा हसली नाही. ती आपल्या मधाच्या पेट्यांशी उकिडवी बसली होती. पेट्यांच्या तोंडाशी मधमाश्यांचा सडा पडला होता. ओढ्याच्या कडेची पिवळी फुलं हे त्यांचं ह्या दिवसांतलं पोटभरीचं जेवण. औषध त्यांच्यावरही मारून झालं होतं. तोमासा मेलेल्या माश्या ओंजळीत भरत होती आणि कुठे टाकाव्यात ते तिला सुचत नव्हतं.

“हात मीपण वर केला होता गं, कोमाद्रे,” ती म्हणाली.

“पाहिला मी.”

“मग बोल ना काहीतरी.”

“आधी झाडू आण,” रेमेदियोस म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली.

परीक्षक आले. एक बाई आणि एक गृहस्थ, दोघांच्या गळ्यात कॅमेरे. ओकोताल असं काही चमकत होतं, की कोंबड्यांनाही चालताना संकोच वाटावा. कमानीवर ‘स्वागत’ लिहिलं होतं. छोट्या मुली पाठीला तारेचे पंख बांधून उन्हात रांगेत उभ्या होत्या. दुपारी डोंगराच्या कडेवरून फुलपाखरं उतरू लागली. आधी थोडी, मग झुंडीच. बँड सुरू झाला. नारिंगी पट्टा चौकावर आला, कमानीवरून गेला. काही फुलपाखरं प्लास्टिकच्या फुलांवर टेकली, सोंड उलगडून बघितली, आणि लग्नाच्या पंगतीत रिकामं पातेलं दाखवलेल्या सोयऱ्यासारखी उठली. मग सगळा पट्टा खाली वळला, ओढा ओलांडून ला होयात गेला.

परीक्षकही मागोमाग गेले.

तिथे आळसाच्या कृपेनं बांधाबांधावर फुलं माजली होती, आणि प्रत्येक फुलावर दोन-दोन पंख उघडझाप करत होते. ला होयाची माणसं कुंपणाला टेकून बघत होती. तुम्ही नक्की काय केलंत, असं परीक्षक बाईंनी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले. असं प्रामाणिक उत्तर कुठल्याच स्पर्धेत कुणी दिलं नसेल. बाक त्यांना मिळाला. योग्यच झालं, बाकाचा उपयोग त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता?

सणाच्या दिवशी ओकोताल कबरस्तानात जमलं. थडग्यांवर मेणबत्त्या, पाव, फळं, झेंडूच्या पाकळ्या, सगळं यथासांग. फक्त पाहुणे नव्हते. भिंतीची कड करपून तपकिरी पडली होती. आत येऊन बसायला रेमेदियोसला अजून मनाई नव्हती. मनाई होती ती कायमचं राहायला. तिनं आई आणि फिदेन्सियोजवळ मेणबत्त्या लावल्या.

पलीकडे डॉन प्राक्सेदिस नव्या थडग्यापाशी बसले होते. त्यांची आई याच उन्हाळ्यात गेली. हा तिचा पहिला सण. मक्याच्या पानात वाफवलेले, मिरची घातलेले तमाल त्यांनी तिच्यासाठी उघडून ठेवले होते, आणि ते सारखे वर बघत होते. ओढ्यापलीकडे ला होयावर नारिंगी ढग हलत होता.

रेमेदियोसनं मक्याच्या गरम पेजेचा पेला त्यांच्या हाती दिला.

“निघाली असेल ती. वाटेत जेवायला थांबली असेल.”

“ला होयात?” ते हळूच म्हणाले. “आईनं त्या लोकांच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही.”

“इतकं उडून आल्यावर कुणाचं घर आहे ते कोण बघतं.”

त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला.

पुढच्या सभेत चूक कुणी कबूल केली असं समजू नका. ओकोतालची सभा चूक कबूल करत नाही, ठराव करते. डॉन प्राक्सेदिस उभे राहिले. डोन्या रेमेदियोसनी फाएना नाकारली, हा गुन्हा कायम आहे, ते म्हणाले. मात्र जागा काढून घेण्याऐवजी सभा त्यांना शिक्षा देते. भिंतीची कड त्यांनी जन्मभर अस्वच्छ ठेवायची. बाईमाणूस एकटं पडेल, म्हणून सगळ्या गावानं आपापल्या बांधाची आणि ओढ्याची कडही, पाहुणे येऊन जाईपर्यंत, अस्वच्छ ठेवावी.

“आणि पंप?” तोमासानं विचारलं.

“पंप कुलपात.”

“किल्ली माझ्याकडे.”

किल्ली तिच्याकडे गेली. हात वर झाले, पहिल्या ठरावाइतकेच उंच. रेमेदियोसनं नुकतीच परत मिळालेली जागा मनातल्या मनात एकदा चाचपून पाहिली, आईच्या पायाशी, फिदेन्सियोच्या कडेला. मग ती उठली.

“शिक्षा मान्य. पण बी कुठून आणू? इथलं सगळं मेलंय.”

सभा पायांकडे बघू लागली. बी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, ला होयाच्या बांधांवर बोंडं आता वाळायला लागली असणार.

“मागायला कोण जाईल?” कुणीतरी कुजबुजलं.

“ज्यांनी फवारलं त्यांनी,” रेमेदियोस म्हणाली, नेहमीच्याच हलक्या आवाजात.

डॉन प्राक्सेदिसनी घसा साफ केला. “जाईन.”

“टोपी काढून मागाल?”

“मागेन.”

“कशासाठी हवंय तेही सांगाल?”

बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडून गप्प झालं.

“सांगेन,” ते म्हणाले. “शब्द दिला.”

दुसऱ्या दिवशी पहाटेची जपमाळ आटोपून रेमेदियोस चॅपलच्या दारात आली, तर समोरच्या बोळातून डॉन प्राक्सेदिस बाहेर पडत होते. बगलेत घडी केलेलं रिकामं पोतं. त्यांनी चौकात इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रेमेदियोसनं शाल डोक्यावर ओढली आणि दाराच्या आत सरकली. आपण दिसलो तर ते परत फिरतील, असं तिला वाटलं. पावलांचा आवाज उतारावरून ओढ्याकडे गेला. तिनं थोडं वाकून बघितलं. पाण्यातल्या पहिल्या दगडावर पाय ठेवण्याआधी ते थांबले, टोपी काढून हातात घेतली, आणि पलीकडे निघाले.