साजिदची म्हैस

जाफराबादकडच्या डोंगरावर शिल्पांची पायवाट झाली, तेव्हा मस्तगडातल्या एकाच कारखान्यातून दोन दगड वर गेले. एक सोमेश्वरचा, एक साजिदचा. वर्षानुवर्षं एकाच पत्र्याखाली छिन्नी चालवणारे दोघं जिवलग मित्र.

सोमेश्वरने उंच, निमुळती ज्योत घडवली, आरशासारखी घासली. साजिदने काळ्या दगडाची, रवंथ करत बसलेली म्हैस केली.

पायवाट खुली झाली तशी सोमेश्वर बायकोला, वंदनाला, घेऊन गेला. लोक ज्योतीपाशी जरासे थांबत. वळणावर म्हैस दिसली की तिच्याकडे पळत सुटत. पोरं पाठीवर चढत, म्हाताऱ्या तिच्या कपाळावरून हात फिरवत. वंदनाही फिरवून आली.

"जित्ती वाटून राह्यली वो," ती म्हणाली.

सोमेश्वरच्या काळजात आग पेटली.

दुसऱ्या दिवशी त्याने पायवाटेचं काम बघणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला. "पोरं चढून राह्यली म्हशीवर. एखादं पडलं तर तुमच्यावर येईल." आवाजात काळजी आणणं त्याला बराबर जमलं.

आठवड्यात म्हशीभोवती तारेचं कुंपण आलं. साजिद कासावीस झाला. "चल यार, मॅडमकडे, तू सोबत. तुझं ऐकतील त्या." जायला नकार द्यावा, असं कारण सोमेश्वरला सुचेना.

मॅडम गोंधळल्या. "अहो, सोमेश्वररावांनीच तर फोन केला होता!"

परतताना साजिद सोमेश्वरच्या मोटारसायकलवर मागे बसला, पण नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही. कारखान्यापाशी उतरल्यावर म्हणाला, "मला म्हणला असतास ना सोम्या, तर मी म्हैस सोडून दुसरं काई केलं असतं."

मंग त्याने आपल्या छिन्न्या पोत्यात भरल्या आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

सोमेश्वरने मॅडमना खरं काय ते सांगितलं, परवानगी घेतली आणि स्वतःच्या हाताने तार काढली. काढता काढताच दोन पोरं आत घुसली.

तो म्हशीपाशी वाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिला हात लावला. गळ्याखालच्या वळ्या साजिदने न घासता खरखरीत सोडल्या होत्या. असं सोडून द्यायचं आपल्याला जन्मात सुचलं नसतं, हे सोमेश्वरला कळलं, आणि काळजातली ती आग पुन्हा पेटली.