डावा दंड

पडद्यावर भूत आले तेव्हा सभागृहात कुणीही ओरडले नाही. बहुतेकांनी उजव्या हाताने आपला डावा दंड घट्ट धरला.

भुताचे काम केलेली बाई शेवटच्या रांगेतून हे पाहत होती. गावातल्या शाळकरी मुलांना लस टोचण्यात तिची सारी नोकरी गेली होती. भाचीने चार मित्र हाताशी धरून हा भयपट काढला, भूत व्हायला कुणी तयार होईना, आणि मग मावशीला गळ घातली. चेहऱ्याला रंगसुद्धा लावला नव्हता. गावच्या महोत्सवातला हा पहिलाच खेळ होता.

खेळ संपल्यावर भाचीने तिला जिन्याखाली गाठले.

"एक किंकाळी नाही गं, मावशी. मी मेले."

"एसी फार होता. गारठले असतील."

"गारठलेला माणूस दोन्ही दंड धरतो."

"हं. तेही खरंच."

"तुझा प्रसंग काढून टाकते मी. पुढच्या महोत्सवाला पाठवायच्या आत. रागावू नकोस."

"रागवायचं काय त्यात? भूतच ते. अदृश्य व्हायला कितीसा वेळ लागतो?"

भाची हसली. मावशीचे हसू मात्र टिकले नाही. आयुष्यात तिचा धड फोटोही कुणी काढला नव्हता, आणि इथे तिचा चेहरा भिंतीएवढा झाला होता. तो पुसायचाच असेल तर निदान कारण तरी कळायला हवे होते.

संध्याकाळच्या खेळाला ती पडद्याशेजारच्या दारात, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. निळसर उजेडात समोरचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसत होते. पडद्यावरचे दार करकरले, तसे ते सगळे एकदम किंचित हलले, तळातल्या शेवाळासारखे. हे चेहरे तिने पूर्वी पाहिले होते. तेव्हा ते लहान होते आणि रडून सुजलेले होते.

तिचा चेहरा पडद्यावर आल्याचे तिला संगीतावरून कळले. प्रेक्षकांचे हात मांड्यांवरच राहिले. मग भुताने हात खिडकीच्या उजेडात वर धरून नखाने हवेत दोनदा टिचकी मारली, आणि झोपेत कूस बदलावी तसे सभागृहातले हात डाव्या दंडांकडे गेले. पहिल्या रांगेतले बाहेरगावचे परीक्षक तेवढे स्वस्थ होते. एक जण चष्मा पुसत होता.

चित्रीकरणाच्या वेळी भाची म्हणाली होती, "नुसती उभी राहू नकोस, हाताने काहीतरी कर." हाताला जे येत होते ते त्याने केले. सिरिंज उजेडात धरून आतला बुडबुडा वर घालवण्याची ती टिचकी होती. फक्त सिरिंज नव्हती.

बाहेर बँकेतला कॅशियर दंड चोळत, रस्त्याकडे बघत उभा होता.

"ती बाई काय भयंकर होती! माझा दंडच ठणकायला लागला. तुम्ही बघितलात का सिनेमा, काकू?"

"बघितला."

"भीती नाही वाटली?"

"सवय आहे मला."

तिने भाचीला सगळे नीट समजावून सांगितले. शेवटी म्हणाली, "बाहेर पाठवशील त्यातून काप. बाहेरच्यांना काही होत नाही, मी पाहिलं. इथे दाखवशील तेव्हा मात्र राहू दे."

भाचीने बराच वेळ तिचा हात हातात धरून ठेवला.

"पण मग तुला कुणीच कसं ओळखलं नाही, मावशी? चेहरा तर केवढा दिसतो!"

कारण साधे होते. सुई टोचण्याआधी ती प्रत्येक मुलाची हनुवटी धरून मान खिडकीकडे वळवायची आणि म्हणायची, "तिकडे बघ, चिमणी आली." मुले शहाण्यासारखी तिकडेच बघत.