डेनिस कीहोची चाळिसावी चूक

आमच्या वेक्सब्रिजच्या बेसबॉल क्लबात गुणलेखकाचं नाव गुप्त ठेवायची पद्धत होती, आणि ती उगाच पडलेली नव्हती. आधीच्या गुणलेखकाला खेळाडूंनी मैदानामागच्या हौदात बुडवून अर्धमेला केला होता. मग चिटणिसांनी हे काम माझ्याकडे दिलं. मी थर्झा ऑर्डवे, विधवा बाई, याच खेळाडूंना घरात ठेवून जेवू घालणारी. बायकांच्या बाकावर विणकामाची पिशवी मांडीवर घेऊन बसायचं आणि पिशवीतल्या तक्त्यावर धावा, बाद केलेले गडी आणि चुका, म्हणजे हातचे सोडलेले किंवा भलतीकडे फेकलेले चेंडू, टिपायचे. पाच वर्षं लिहिलं, कुणाला कणभर संशय आला नाही. बाईला हा खेळ कळतो हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

अठराशे सत्त्याहत्तर साली क्लबानं नियम केला की हंगामात ज्याच्या नावावर चाळीस चुका, त्यानं चालू पडायचं. ऑगस्टात डेनिस कीहोच्या सदतीस झाल्या होत्या. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्यांच्या, मध्ये उभा राहायचा, जिथं सगळ्यात जोराचे चेंडू येतात, आणि तेव्हा सगळे उघड्या हातांनीच खेळायचे. क्लब सुटला तर त्याला परत सूतगिरणीत जावं लागणार होतं. तिथं त्याच्या भावाचा हात यंत्रात गेला होता.

"बाई, आज त्या लिहिणाऱ्यानं तीन टाकल्या ना माझ्या नावावर," सामन्याच्या सकाळी तो न्याहारी करता करता म्हणाला, "तर त्याची बोटं मोडतो. एकेक करून."

"आधी चेंडू धर, मग बोटं मोड," मी म्हटलं. सगळे हसले. तो हसला नाही.

सामना पहिल्यापासूनच चिघळला. दुसऱ्या डावात फलंदाजामागे चेंडू धरणाऱ्या आमच्या गड्याचा अंगठा उकलला, तो चिंधी बांधून तसाच उभा राहिला. पाहुण्या संघाच्या एका गड्यानं बुटाच्या खिळ्यांनी कीहोची नडगी फाडली, कीहोनं त्याच्या कानशिलात कोपर हाणलं. पंच मध्ये पडला तर त्याच्या पोटात गुद्दा बसला. मी लिहिलं, धावणारा गडी बाद.

पाचव्या डावात कीहोच्या हातून सोपा झेल सुटला. सहाव्यात त्यानं फेकलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या गड्याच्या डोक्यावरून गर्दीत गेला. एकोणचाळीस. आठव्यात जमिनीलगत आलेला चेंडू दगडावर आपटून उसळला आणि थेट त्याच्या तोंडावर बसला. त्यानं दोन दात थुंकले. लोक त्याची हुर्यो उडवत होते. पण दगड मी स्वच्छ पाहिला होता, तो चेंडू कुणाच्या बापाला धरता आला नसता. मी फलंदाजाच्या नावावर फटका लिहिला आणि कीहोचा रकाना तसाच ठेवला.

दोरीजवळच्या टेबलाशी वर्तमानपत्रवाला टारबेल बसला होता. खेळाडूंची टिंगल करणं हेच त्याचं काम. तो हसत हसत वहीत लिहीत होता, आणि कीहोनं ते पाहिलं.

सामना संपताच कीहो बॅट घेऊन दोरी ओलांडून आला. त्यानं टेबल उलथलं. दोघा गड्यांनी टारबेलला खाली दाबून धरलं.

"चाळीस केल्यास ना रे माझ्या?"

"मी बातमी लिहितो, दादा. तक्ता माझा नाही, आईशप्पत."

कीहोनं त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. मी धावत गेले आणि पिशवीतला तक्ता बाहेर काढला.

"डेनिस, सोड त्याला. तक्ता मी लिहिते. आणि मघाची चूक धरलेली नाही, दगड मी पाहिलाय. हे बघ."

त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. रक्तानं भरल्या तोंडानं तो हसला, आणि बाकीचेही हसले.

"बाई, मन मोठं आहे तुमचं. घरी जा, चुलीवर काहीतरी टाका."

मग त्यांनी टारबेलचा उजवा हात टेबलाच्या फळीवर पसरून धरला. बॅट तीनदा खाली आली. सवयीनं मी मोजलं, त्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या घावाला टारबेल बेशुद्ध पडला. गर्दी बघत उभी होती.

डॉक्टर म्हणाले, दोन बोटं कापावी लागतील.

घरी येऊन मी तक्ता काढला, फटका खोडला आणि कीहोच्या नावापुढे तिसरी चूक लिहिली. पाच वर्षांतली पहिली खोटी नोंद. तक्ता चिटणिसांच्या घरी पोचवला आणि येऊन सूप उकळायला ठेवलं.

जेवताना कीहोच्या वाडग्याशेजारी मी तक्त्याची नक्कल ठेवली. त्यानं बोट फिरवत आपलं नाव शोधलं.

"तीन?"

"तीन. म्हणजे चाळीस."

"तो चेंडू दगडावरून उडाला होता. तुम्हीच म्हणालात, पाहिला म्हणून."

"पाहिला होता. म्हणून खरं तेच लिहिलं होतं. टारबेलची बोटं मोडल्यावर खोडलं."

त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, जिच्यावर मी रोज जेवणातले पदार्थ लिहायची. मग पुन्हा कागदाकडे. अक्षर तेच होतं.

"मग टारबेलनं..."

"टारबेलनं तक्त्यात काही लिहिलं नव्हतं."

तो उठला आणि टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला. बाकीच्यांनी माना ताटात घातल्या. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. तो माझ्या उजव्या, लिहित्या हाताकडे बघत होता. मी हात टेबलावरच ठेवला.