कास्त्रोवेद्रच्या वेशीबाहेर

मी एक जुनी बस आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी उभं राहणं मुळीच सोसत नाही. पोर्तो शहरातल्या कारखान्यात माझा सांगाडा ठोकला, तेव्हा अंगावर निळा रंग होता आणि बाजूने पांढरा पट्टा. डोंगरातल्या सोब्राल गावी आले त्या दिवशी पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, बायकांनी आरशाला फुलं बांधली. मग बाजार, लग्नं, दवाखाना, सगळीकडे मीच. हळूहळू रंग उडाला, सीटा फाटल्या आणि कौतुक करणारीच माणसं मला खटारा म्हणू लागली. चाकं फिरत होती तोवर मला त्याचं काही वाटलं नाही.

ईस्टरचा सोमवार मात्र नकोसा वाटायचा. त्या दिवशी सगळं गाव सहलीला कास्त्रोवेद्रला निघतं. ते तटबंदीचं गाव, वेस इतकी अरुंद की माझा आरसादेखील आत शिरायचा नाही. माणसं तटावर हिंडून यायची, माझ्या सावलीत चादरी पसरून घरून आणलेलं कोकराचं मटण खायची आणि पुन्हा आत जायची. मी दिवसभर तटाला समांतर उभी. आत काय आहे ते मला कधीच कळलं नाही.

आमच्या सोब्रालची देओलिंडाही आत जात नसे. तिची धाकटी बहीण एतेलव्हिना कास्त्रोवेद्रलाच दिलेली. आई वारली तेव्हा ऑलिव्हच्या दोन झाडांवरून दोघींचं वाजलं. झाडं धाकटीकडे गेली आणि बोलणं बंद झालं. त्याआधीच धाकटीच्या लेकीला, लुसीलियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं देओलिंडाने. म्हणजे मावशी ती होतीच, धर्मआईही झाली.

आमच्याकडची रीत अशी. ईस्टरच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी धर्मलेकीने ऑलिव्हची फांदी नेऊन द्यायची, मग ईस्टरला धर्मआईने तिला फोलार द्यायचा. फोलार म्हणजे वर कवचासकट अंडी बसवून भाजलेला गोड पाव. फांदी आधी, फोलार मागून, आणि लेकीचं लग्न झालं की हे देणंघेणं संपलं. देओलिंडाच्या दारी फांदी कधी आली नाही. तरी ती दर वर्षी फोलार भाजायची, टोपलीत घालून माझ्यातून यायची आणि माझ्या पलीकडे, वेशीकडे पाठ करून दिवसभर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात. संध्याकाळी पाव जसाच्या तसा घरी.

खरी गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून तर माझा जीव खालीवर व्हायचा. वेशीच्या लोखंडी कडीत दर वर्षी लाल फितीने बांधलेली एक फांदी लटकत असे. लुसीलिया लहान असताना वेशीत तिची आई तिला दरडावताना मी ऐकलं होतं.

"तिच्या दारात जायचं नाही. फांदी हवी असेल तर येईल वेशीपर्यंत. पाय काही मोडले नाहीत तिचे."

पोर मुकाट्याने फांदी बांधायची आणि मी निघाले की येऊन सोडून न्यायची. ते मला आरशात दिसायचं. देओलिंडाला दिसणार कसं? मध्ये माझंच धूड. तोंड असून बोलता येत नाही, यासारखं दुःख नाही.

त्या वर्षी माझा ड्रायव्हर एर्मीनियो सकाळीच म्हणाला, "काकू, भाचीचं ऑगस्टात लग्न आहे म्हणे. हा शेवटचा फोलार. यंदा तरी जा."

"फांदी आली का माझ्या दारी? मग बोलू नकोस."

"दर वर्षी हा पाव फुकट फिरून येतो. एक दिवस त्याचं तिकीट लावीन."

"तुझ्या खटाऱ्यात बसतो हेच त्याचे उपकार समज."

लोक हसले. ती हसली नाही. टोपलीवरचं फडकं सारखं सारखं नीट करत राहिली.

संध्याकाळी सगळे चढले. एर्मीनियोने किल्ली फिरवली आणि मी नुसतीच खोकले. बॅटरी म्हातारी होती हे खरं, पण जन्मात पहिल्यांदाच मीही थोडं अंग चोरलं.

"उतरा सगळे, धक्का मारा. काकू, तुम्हीही उतरा, पावासकट."

पुरुषांनी खांदे लावले. मी उतारावरून सरकले, पुढे जाऊन सुरू झाले. मागे मोकळ्या जागेत देओलिंडा एकटीच टोपली घेऊन उभी होती आणि समोर वेस होती. बस गेली असं समजून लुसीलिया फांदी सोडायला आली होती. फितीची गाठ तशीच हातात धरून ती थबकली.

"कुणासाठी बांधलीस?" देओलिंडाने विचारलं.

"तुमच्यासाठी. दर वर्षी बांधते."

"दर वर्षी?"

"तुम्ही पाठ करून बसता, मावशी."

म्हातारीने हात पुढे केला.

"त्याच झाडाची का ही?"

"हो."

"मग निम्मी माझीच आहे." तिने फांदी घेतली, टोपली भाचीच्या हातात दिली आणि डोळे पुसले. "आई घरी आहे ना? चल."

दोघी वेशीच्या आत गेल्या. मी पुन्हा सुरू होईन याचा भरवसा नव्हता, म्हणून एर्मीनियोने इंजिन चालूच ठेवलं. अंधार पडला, लोक कुरकुरले, मी जागच्या जागी थरथरत उभी राहिले. त्या उभं राहण्याचा मला राग आला नाही.

आता मी एर्मीनियोच्या गोठ्यामागे आहे. टायर गेले, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. ईस्टर जवळ आला की देओलिंडा येऊन ती वेचून नेते. लुसीलियाचं लग्न झालं, रीतीप्रमाणे फोलार बंद व्हायला हवा होता, पण तो अजून जातो. तो नेतं कोण, तर नवी बस. मला अजून वाटतं, कुणीतरी धक्का मारावा.

मित्रांनो, जुन्या गाडीला खटारा म्हणा, पण तिला धक्का द्यायला लाजू नका. आणि कुणाकडे पाठ करून बसला असाल, तर एकदा जागा बदलून बसा. मध्ये माझ्यासारखं एखादं धूड उभं असेल, आणि ते आपण होऊन हलत नाही.