दहा फळ्यांचा हिवाळा

ऑक्टोबरात दुपारी तासभर आमचं तळघर सोनेरी होतं. खिडकीतून ऊन उतरतं, कोळशाची जुनी धूळ त्यात तरंगत राहते आणि पायरीवर बसल्या बसल्या मला डुलकी लागते. त्या दिवशीही लागली होती. करवतीचा आवाज थांबला तेव्हा जाग आली.

बाल्ट्रुस, माझा नवरा, चार फळ्या कापून थांबला होता.

"बाकीच्या?"

"चार पुरेत."

पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरात कोळशालाही खड्याच्या आकारावरून खाण्याच्या जिनसांची नावं आहेत. तांदूळ, वाटाणा, अंडं. आमची बिडाची शेगडी चेस्टनट नावाचा मधला खडा खाते, हिवाळ्याला पाच टन. कोळशाच्या कोठीला पुढून दोन खांब, खांबांना खाचा, खाचांत वरून एकेक फळी सोडायची. खिळा मारायचा नाही. कोळसा उतरला की वरची फळी काढायची आणि तिच्यावर पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख घालायची, ही बाल्ट्रुसची जुनी रीत. दोन फळ्या म्हणजे एक टन. चार फळ्या म्हणजे फार तर नाताळ.

खाणीने त्याची फुप्फुसं दगड करून टाकली होती. उन्हाळ्यात डॉक्टरांनी आशा नाही अशी मान हलवली, तेव्हापासून हा माणूस सगळंच आखूड करत चालला होता. बूट फाटले तरी नवे घेतले नाहीत. आता कोठी.

"नाताळानंतर मी काय जाळू? तुझी टोपी?"

"तुझ्या बहिणीकडे जा. तिच्याकडे तेलाची भट्टी आहे. बटण दाबलं की ऊब."

"आणि तू?"

तो करवत पुसू लागला. जुन्या कोठीच्या खालच्या चार फळ्या कुजल्या होत्या, वरच्या सहा धड होत्या. "त्या सहा सरपणात घाल," एवढंच म्हणाला.

मी इतकी संतापले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. कोळसा उगाळावा तितका काळा, तसा हा माणूस. सहाही फळ्या मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवल्या आणि फोन करून पाच टन मागवले. त्याने खांब मात्र छतापर्यंत उभे केले होते. लाकूड तोडायचा कंटाळा केला असेल, असं मला वाटलं.

शनिवारी कोळसेवाला लिओ ट्रक घेऊन आला. खिडकीत पत्र्याची पन्हळ लावत म्हणाला, "काकी, दोन की पाच? फाटकात काका तर दोन म्हणाले."

"काकांना शेगडीत घालायचंय का मला? पाच."

कोळसा सुटला. तो आवाज मला फार आवडतो, ऐकता ऐकता डोळे मिटतात. लग्न झालं तेव्हा बाल्ट्रुस सांगायचा की खाणीच्या छतावर दिव्याच्या उजेडात नेच्याची पानं दिसतात, दगडात उमटलेली. तो रानात कामाला जातो, असंच मी कितीतरी दिवस मनात धरून होते. आता ते रान खिडकीतून घरात येत होतं, काळं, चमकतं, सळसळत. मी त्यात उभी होते आणि मला काहीच काळजी नव्हती.

कोळसा चौथ्या फळीला टेकला तेव्हा भानावर आले. थांब म्हणून मी लिओला ओरडले आणि फळ्या आणायला वळले, तर जिन्यावर बाल्ट्रुस. एकेका पायरीवर थांबत उतरत होता, काखेत एक जुनी फळी.

"पाच वर दाराशी ठेवल्यात," तो म्हणाला. "एकदम उचलवत नाहीत."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोंबड्यांनी."

त्याने फळी खाचांत सोडली. ती कुठे न अडकता सरळ खाली बसली. नवे खांब, जुनी फळी, आणि नखाएवढीही फट नाही. मी बघतच राहिले.

"यांच्याच मापाने केलेस खांब."

"हो."

"मग सरपणात घाल का म्हणालास?"

"बघत होतो." त्याने दम घेतला. "तू घालतेस का."

मी पायरीवर बसून रडले. लिओ वरून वाट बघत होता, बघू दे म्हटलं.

मग सहाही फळ्या बसवल्या. त्यांच्यावर जुन्या हिवाळ्यांचे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी होते. खालच्या चार कोऱ्या. त्या निघायच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. कोनाड्यातली पेन्सिल मी उचलली, तर त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या कानामागे खोचली.

"तारखा मी घालतो," तो म्हणाला.