थर्मासमधले डॅड

डॅड वारल्यावरही आम्ही त्यांना आठ वर्षं मॅचला नेत होतो. थर्मासमधून.

थर्मास त्यांचाच. हिरवा, स्टीलचा, बुडाशी पोचा आलेला. जन्मभर वॉर्डेल कॉलेजच्या मैदानावर त्यांनी त्यातूनच कॉफी प्यायली. दहनगृहाने राख एका देखण्या लाकडी पेटीत घालून दिली होती, पण डुएन म्हणाला, "त्या पेटीत डॅड गुदमरतील." माझा धाकटा भाऊ हा असा. दिवसभर ट्रकची इंजिनं उघडून बसतो, दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागते, आणि सिनेमात कुत्रं मेलं की उठून बाहेर जाऊन उभा राहतो. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते गिळलं आणि थर्मास धुऊन, पुसून, उन्हात वाळवून त्याच्या हातात दिला.

राखेचं काय करायचं ते डॅड आधीच सांगून गेले होते. आजार कळला त्या वर्षीची गोष्ट. मैदानाबाहेर ट्रकची मागची फळी पाडून आम्ही जेवत होतो, डॅडच्या एका हातात सॉसेजचा पाव होता. "ग्रिसमला हरवलं की मला मैदानाच्या त्या शेवटच्या रेषेवर, खांबांखाली टाका," ते म्हणाले. "पण हरवलं तरच हं. हरलेल्या मॅचला जिवंतपणी पुष्कळ बसलोय. मेल्यावर बसवू नका."

"आणि नाहीच जिंकलो तर?" मी विचारलं होतं.

"पुढच्या वर्षी," डॅड म्हणाले आणि बोट चाटलं.

हे त्यांचं नेहमीचं. दर नोव्हेंबरात ग्रिसम कॉलेजचा संघ, म्हणजे ससाणे, यायचे, आमच्या संघाला, म्हणजे नांगरवाल्यांना, धूळ चारून जायचे, आणि डॅड बाकावरून उठताना गुडघे चोळत म्हणायचे, "पुढच्या वर्षी." आई बिचारी हे ऐकत ऐकत म्हातारी झाली. डॅड गेल्यावर ते म्हणायचं काम डुएनने घेतलं. मॅच संपली की थर्मासच्या झाकणावर दोन टिचक्या मारायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी, डॅड." मला ते ऐकवत नसे. मी आपली चिलीचं, त्या खिमा-राजम्याच्या रश्श्याचं, पातेलं आवरायला लागायची.

मग यंदा वसंतात कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंनी चर्चच्या हॉलमध्ये गाव बोलावलं आणि सांगितलं की फुटबॉल, तो हेल्मेट घालून चेंडू हातात घेऊन पळायचा आपला खेळ, बंद. या मोसमानंतर संघ नाही. मैदानाच्या जागी नर्सिंगची इमारत होणार. लोक ओरडले, एका म्हाताऱ्याने टोपी आपटली. मला बाईंचा राग येईना म्हणून मी स्वतःवरच चिडले. गावच्या दवाखान्यात मीच नोकरी करते. तिथे नर्सा मिळत नाहीत हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

 घरी येऊन गाडी दारात थांबल्यावर डुएन म्हणाला, "म्हणजे यंदा जिंकायलाच पाहिजे."

"आपण खेळत नाही, डुएन. ती पोरं खेळतात."

"तू ना, मार्लीस, आईवर गेलीस," तो म्हणाला. आमच्या घरात ही शिवी होती.

तर शेवटची मॅच. शनिवार, दुपार, असा वारा की टोपी धरून चालावं. सगळं गाव लोटलं होतं. एरवी अर्धी बाकं रिकामी असतात. आता मढं पाहायला सगळे हजर, असं मी म्हटलंसुद्धा. डुएनने ट्रक डॅडच्याच जागेवर लावला. मी चिली केली होती, सोबत दालचिनीचे गोड रोल, आणि डॅडच्या वाटणीचा एक रोल नेहमीप्रमाणे थर्मासशेजारी ठेवला. तो शेवटी डुएनच खातो.

आमच्या बाकावर पलीकडे वर्ना श्रॉक बसते. नवरा गेला, गुरं विकली, पण एका गाईच्या गळ्यातली घंटा तिने ठेवून घेतली. आपण पुढे असलो तरच वाजवायची, हा तिचा नियम. त्यामुळे बहुतेक वर्षं ती घंटा हातमोज्यात गुंडाळून पर्समध्येच असते.

"ऑर्व्हिल आला का?" तिने विचारलं. म्हणजे डॅड.

"आलेत," डुएन म्हणाला आणि थर्मास माझ्या मांडीवर ठेवला. तसं आमचं ठरलं होतं. त्याच्या हातात काही राहत नाही, उत्साहात फेकून देतो. पूर्ण वेळ संपून घड्याळ शून्यावर आलं आणि आपण पुढे असलो, तरच मी त्याला थर्मास द्यायचा.

मॅच कशी झाली ते सगळं सांगत बसत नाही. आमची पोरं जीव तोडून खेळली एवढं खरं. एरवी अर्ध्या वेळातच निकाल कळतो आणि लोक जेवणाच्या गोष्टी करू लागतात. आज कोणी जागेवरून हललं नाही. शेवटच्या पर्वात आमच्या पोरांनी मुसंडी मारली आणि फलकावर आकडे आले: वॉर्डेल सोळा, ग्रिसम चौदा.

वर्नाने पर्स उघडली, घंटा काढली. तिच्याभोवतीचा हातमोजा निघेना. डुएनने काढून दिला.

मी काही वेडी नाही. मला ही पोरं माहीत आहेत. पण त्या घंटेचा आवाज कानावर पडला आणि मी मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी घट्ट धरला. "डॅड, बघताय ना?" असं मी म्हटलं. मोठ्याने नाही, पण म्हटलं.

चेंडू ग्रिसमकडे होता. खांबांच्या मधून एक लाथ बसली की तीन गुण, आणि आम्ही गेलो. पण खांब अजून फार लांब होते. तेवढ्या लांबून मारणारा पोरगा त्यांच्याकडे नव्हता. वेळही जवळजवळ संपलेला. त्यांचा एक गडी चेंडू घेऊन कडेच्या रेषेकडे सुसाट पळाला, आमच्या दोघांनी त्याला आडवा केला, आणि घड्याळ शून्यावर आलं.

शून्य. मी डोळ्यांनी पाहिलं.

"दे!" डुएन ओरडला. मी दिला.

तो पायऱ्यांवरून खाली पळाला, या वयात, या वजनाचा माणूस, आणि कुंपणावर एक हात टेकून पलीकडे गेला. विद्यार्थी कुंपणापाशी दाटून उभे होते. त्यांनी एक प्रौढ माणूस आत उडी मारताना पाहिला आणि बांध फुटला. शेकडो पोरं मैदानात. माझे गुडघे दुखरे, म्हणून मी बाकावरच उभी राहिले. म्हणूनच मला दिसलं.

पंच मधोमध उभा राहून दोन्ही हात डोक्यावर हलवत होता. नाही. नाही. संपलं नाही.

त्यांचा गडी पडायच्या आधी रेषेबाहेर गेला होता. घड्याळ तिथेच थांबायला हवं होतं. दोन सेकंद शिल्लक होते.

"डुएन!" मी ओरडले. "डुएन, थांब! ओतू नकोस!"

तो खांबांखाली शेवटच्या रेषेवर पोचला होता, झाकण उघडत होता. त्या गोंगाटात त्याला माझा आवाज कुठला ऐकू येणार? पण त्याने वर पाहिलं. मी हात हलवत होते, रडत होते, सगळ्या अंगाने नको नको म्हणत होते. त्याला वाटलं मी आनंदाने नाचतेय. त्याने थर्मास माझ्याकडे उंच केला, अगदी डॅड कॉफीचा पहिला घोट घेताना करायचे तसा, आणि खाली वाकून रेषेवर हळूहळू, नीट, डॅडना ओतलं.

वर्नाने घंटा वाजवायची थांबवली.

नियम असा आहे की घरचे प्रेक्षक मैदानात घुसले तर घरच्या संघाला दंड. पंधरा यार्ड. पंचाने पिवळा रुमाल टाकला, माणसं हाकलली, चेंडू उचलला आणि खांबांच्या दिशेने पंधरा यार्ड पुढे नेऊन ठेवला. फार लांब होते ते खांब आता जवळ आले. याहून सोपं सांगता येत नाही. आम्ही धावलो नसतो तर जिंकलो असतो.

डुएनला दोन पोलिसांनी कुंपणाबाहेर काढलं तेव्हा त्याला कुणीतरी काय झालं ते सांगितलं असावं. तो खांबांच्या मागेच उभा राहिला, रिकामा थर्मास छातीशी धरून. ग्रिसमचा लाथ मारणारा पोरगा काटकुळा होता, चष्मेवाला. मी त्याला मनोमन शाप दिले, देव मला क्षमा करो, कुणाचंतरी लेकरू ते. त्याने दोन पावलं मागे घेतली, एक बाजूला, आणि मारला. चेंडू डॅडच्या डोक्यावरून, खांबांच्या बरोबर मधून गेला आणि कुंपणापलीकडे डुएनच्या पायाशी येऊन पडला.

सतरा, सोळा.

ग्रिसमवाले नाचले. आमची पोरं जिथे होती तिथेच बसली. एकाने हेल्मेट काढलं नाही, आतच रडत होता.

वर्नाने माझ्या हातावर हात ठेवला. "सगळेच धावले गं, मार्लीस," ती म्हणाली. "एकटा डुएन नव्हता."

चांगली बाई आहे. पण पहिला कोण होता ते तिनेही पाहिलं होतं, आणि सगळ्या गावाने. खाली उतरताना लोक बाजूला होऊन मला वाट देत होते, मयताच्या घरच्यांना देतात तशी. एखाद्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी पोचले तेव्हा डुएन रेषेवर गुडघे टेकून बसला होता.

"चमचा आण," तो म्हणाला.

"कसला चमचा?"

"चिलीचा. आण ना, मार्लीस. वारा सुटलाय."

मी ट्रककडे जाऊन चिलीचा डाव आणला. दुसरं काय करणार? तो रेषेवरून खरवडून खरवडून थर्मासमध्ये भरू लागला. गवताची पाती, माती, पांढरी भुकटी.

"इथे ओतलं मी. इथेच. हे बघ, हे करडं आहे ना, हे डॅड."

"ती फक्की आहे, डुएन."

"फक्की पांढरी असते."

"ओली झाली की करडी होते."

त्याने चिमूट उचलून तळहातावर पसरली, डोळ्यांजवळ नेली. मीही वाकले. दोघं म्हातारी माणसं एका तळहातात तोंड घालून बघत होतो, त्यातलं आपलं कोण आहे ते. काही कळेना. शेकडो बुटांनी तुडवून सगळं एक केलं होतं, आणि उरलेलं वारा ग्रिसमवाल्यांच्या बसच्या दिशेने घेऊन चालला होता.

मैदान राखणारा लेलँड हातगाडी घेऊन आला. आम्हाला पाहिलं, टोपी काढली, आणि हातगाडी तशीच उलट वळवून निघून गेला.

"त्यांनी एकच गोष्ट मागितली होती," डुएन म्हणाला. "हरलेल्या मॅचला बसवू नका. एकच. आणि ही मॅच मीच हरवली."

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खोटं ठरलं असतं आणि त्याला ते कळलं असतं. मी त्याच्या हातातून डाव घेतला आणि त्याच्याशेजारी बसून खरवडू लागले. थर्मास गळ्यापर्यंत भरला. सकाळी डॅड इतके नव्हते.

मग झाकण लावलं आणि ट्रकपाशी आलो. बाकीच्या गाड्या गेल्या होत्या. मागच्या फळीवर चिलीचं पातेलं गार पडलेलं, आणि शेजारी डॅडच्या वाटणीचा रोल. डुएनने तो खाल्ला नाही. गाडीत बसला, थर्मास दोघांच्या मधे ठेवला. सवयीने त्याचं बोट झाकणावर गेलं. एक टिचकी मारली. दुसरी मारायला बोट उचललं आणि तसंच धरून राहिला.  इतकी वर्षं जे वाक्य मला ऐकवत नव्हतं, ते आता कुणी म्हणेना हे मला सहन झालं नाही.

"पुढच्या वर्षी, डॅड," मी म्हटलं.

डुएनने माझ्याकडे पाहिलं. "कशाला खोटं सांगतेस त्यांना?"

"ते ऐकत नाहीत, डुएन," मी म्हणाले. "डॅड गेले."

आठ वर्षांत आमच्यापैकी कुणी हे तोंडाने म्हटलं नव्हतं. डुएनने मान हलवली, खिशातून किल्ली काढली, आणि बराच वेळ ती नुसती हातात धरून बसला.