धुतलेली काच

शालूचं लग्न १९५१ च्या माघात झालं. फोटोच्या वेळी तिची आई ठमाबाई मागल्या दारी जाऊन बसली. विधवेनं मंगलकार्यात पुढं येऊ नये, हा तिचा हट्ट. फोटो काढत होता शालूचा भाऊ धाकू. त्यातून कॅमेऱ्यात घालायच्या, चित्र उमटवणाऱ्या तीन कोऱ्या काचा उरल्या, त्या त्यानं मिठागरासाठी राखल्या.

ठाण्यातल्या फोटोवाल्याकडे चेहरे काढून काढून धाकूचा जीव विटला होता. त्याला बाळकुमचं मिठागर हवं होतं. पांढरे ढीग, काळं पाणी, माणूस एकही नको. ते चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागावं, एवढाच ध्यास.

पण ढिगांना सावली सकाळच्या तिरप्या उन्हातच मिळे, आणि मीठ वाहायची वेळही तीच.

पहिली काच वाऱ्यानं कॅमेरा हलून वाया गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं भिंगावरचं झाकण काढलं, एक-दोन मोजतोय तोच डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ठमाबाई समोर.

"आये, थांब!" तो ओरडला.

ती थांबली. पाटीसकट, ऐन मधोमध.

"आता जा ना बाजूला!"

"आधी थांब, मंग जा! मीठ तुज्या फोटूसाठी खोलंबल कं?"

झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे; ती चालत राहिली असती तर काचेवर तिची खूणही उमटली नसती. थांबली म्हणून डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसकट लख्ख उमटली. धाकूनं चरफडत काच सोड्याच्या गरम पाण्यात टाकली आणि घासून कोरी केली. तिसऱ्या काचेवर हवं तसं चित्र मिळालं. ते कागदावर छापून चौकटीत घातलं आणि चौकटीला त्यानं तीच धुतलेली काच बसवली.

शेजारचा भिवा बघून म्हणाला, "यान मानूस कं नाय रं? गाव वसाड परलं कं?"

धाकूनं चित्र प्रदर्शनाला धाडलं. महिन्याभरानं चित्र मुंबईहून परत आलं. चिठ्ठीत एकच ओळ होती: छपाई उत्तम, पण चित्र रिकामं वाटतं. रागारागानं त्यानं ते भिंतीकडे तोंड करून टांगलं.

तीन वर्षांनी दहाव्याच्या दिवशी शालूनं विचारलं, "दादा, हार घालायला आयेचा एक तरी फोटो असंल ना?"

धाकूनं भिंतीवरची चौकट उतरवली, काच काढून दारातल्या उन्हात धरली. इकडून तिकडून फिरवली. शालू म्हणाली, "त्यान काय बघतोस? कोरी हाय ती."

ठमाबाई १९५४ च्या वैशाखात, मिठाचा हंगाम संपता संपता, तापानं वारली.